मावशी पडली तो आठवडा

मावशी मेली त्याला पंचवीस वर्षं झाली, आणि आज तिची मुलाखत घ्यायला माणसं यायची होती.

मेली ती मालिकेतली मावशी. तिचं काम करणारी थोरली चांगली ठणठणीत होती आणि धाकट्या बहिणीच्या सोफ्यावर बसून चष्मा पुसत होती. चॅनेलवाले जुन्या मालिकांवर कार्यक्रम करत होते. थोरलीच्या एका खोलीच्या घरात कॅमेरा ठेवला तर माणसांनी कुठं उभं राहायचं, म्हणून मुलाखत धाकटीकडे ठरली होती. धाकटी सकाळपासून घर झटकत होती आणि ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जात होती.

"अहो, ती खुर्ची हलवा म्हणून कितीदा सांगायचं? आणि हा काय शर्ट घातलाय? टीव्हीवर येणार आहे आपलं घर!"

"घर येणार आहे ना, शर्ट कुठं येतोय," नवरा म्हणाला आणि खुर्ची हलवायला गेला.

धाकटीचा राग खुर्चीवर नव्हता आणि शर्टावर तर नव्हताच. इतकी वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट तिला आज थोरलीला सांगून टाकायची होती, तीसुद्धा ती माणसं यायच्या आत. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं. "ताई, तुझ्या मावशीला मी मारलं." एवढंच. पुढचं आपोआप येईल, असा तिचा हिशेब होता.

झालं होतं असं.

त्या काळी साडेआठ वाजले की रस्ते ओस पडायचे. कोणाकडे जायचं तर नऊनंतर जावं, नाहीतर घरची माणसं तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या डोक्यावरून बघतात, एवढी समज सगळ्यांनाच आली होती. दोन चॅनेलांवर दोन मालिका एकाच वेळेला लागायच्या. त्यातल्या एकीत थोरली मावशी होती. चाळिशी उलटल्यावर तिला हे काम मिळालं. त्याआधी शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा केव्हाच सोडून गेलेला, मूलबाळ नाही, घरी परत यावं तर दाराला कुलूप. आणि मावशी झाल्यावर? भाजीवाला लांबूनच ओरडायचा, "मावशी, ते पत्र सुनेच्या हाती पडू देऊ नका हां!" बसमध्ये बायका सरकून जागा द्यायच्या. एकीने तर तिला रस्त्यात थांबवून मालिकेतल्या दिराबद्दल सावध केलं होतं. जिला 'जेवलीस का' म्हणून विचारणारं कोणी नव्हतं, तिची काळजी आता अख्ख्या गावाला लागली होती.

इकडे धाकटीच्या घरात पेटी होती.

धाकटीचा नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदार त्यांना काटासाहेब म्हणायचे, मग नातेवाईकही म्हणायला लागले. मापात गुंजभर फरक निघाला म्हणून त्यांनी सख्ख्या मामाच्या दुकानाला सील ठोकलं होतं. पुढं एका लग्नात मामाने तोंड फिरवलं, तर यांनी जवळ जाऊन विचारलं, "काटा दुरुस्त केलात का?" असला माणूस. त्यांच्याच घरी टीआरपी मोजणाऱ्या कंपनीची माणसं आली, टीव्हीजवळ एक पेटी बसवून गेली आणि वेगळा रिमोट देऊन गेली. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण: काटासाहेब, धाकटी, सासूबाई आणि मुलगा. बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की परत दाबायचं. शहरात अशा पेट्या मोजक्याच, त्यामुळे एकेका पेटीमागे हजारो घरं धरली जायची. आपल्याकडे पेटी आहे हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, अशी अट.

काटासाहेबांनी आपण होऊन सांगितलं, "हिची बहीण मालिकेत काम करते."

"इथं राहतात का त्या?"

"नाही."

"मग झालं," पेटीवाला म्हणाला.

काटासाहेबांचं मात्र एवढ्याने झालं नाही. त्यांनी घरात हुकूम काढला की थोरलीला पेटीचं कळता कामा नये, आणि बटण दाबायचं ते खरोखर समोर बसल्यावरच. बहीण आहे म्हणून एक बटण जास्त नाही.

आता गंमत बघा. सासूबाईंना आवडायची ती दुसऱ्या चॅनेलवरची मालिका, आणि रिमोट त्यांच्या मांडीवर. साडेआठ म्हणजे धाकटीची स्वयंपाकघरातली वेळ. त्यामुळे मावशीच्या सख्ख्या बहिणीच्या घरचं मत रोज विरुद्ध पक्षाला जात होतं. सासूबाई तर बटण दाबून डुलक्या काढायच्या. त्यांचं घोरणंसुद्धा तिकडेच मोजलं जायचं! थोरलीची मालिका धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागायची तेव्हा एकटी बघायची. दुपारच्याला कोण विचारतो?

एका संध्याकाळी थोरली आली ती डोळे सुजवूनच. मालिका खाली खाली चालली होती. महिन्याभरात आकडा उठला नाही तर बंद, असं निर्मात्याने तोंडावर सांगितलं होतं.

"पोटाचं काही नाही गं," थोरली म्हणाली. "शाळेत परत घेतील मला. पण मग उद्या मी बाजारात गेले, तर मी कोण?"

धाकटीच्या पाठीमागे ती पेटी होती, वर विणलेला रुमाल घातलेली. धाकटीने बहिणीला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर लगेच काटासाहेबांच्या चुलतभावाचं लग्न निघालं. सगळं घर आठवडाभर परगावी जायचं होतं. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली शेजारणीकडे दिली. किल्ली देताना धाकटीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "रोज साडेआठला टीव्ही लावायचा, ताईची मालिका लावायची, आणि ही चार बटणं दाबायची. नऊला बंद. का ते विचारू नका. आणि कोणापाशी बोलाल तर माझी शपथ आहे!" शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण वेळच तशी होती. शेजारणीने इमानाने रोज चार बटणं दाबली आणि लगेच आपल्या घरी पळाली. कारण तीसुद्धा सासूबाईंच्याच पक्षाची! आठवडाभर साडेआठला मावशी रिकाम्या खोलीपुढं बोलत होती, आणि पेटी सांगत होती की चौघं बसून बघताहेत.

नेमकी त्याच आठवड्यात मावशी जिन्यावरून पडली. म्हणजे थोडंसं पडायचं ठरलं होतं, कपाळाला पट्टी आणि दोन दिवस आराम. पण आकडा आला तो एकदम वर. तो त्या चार बटणांनी वर गेला की आणखी कशाने, हे कोणालाच सांगता येणार नाही. धाकटीला मात्र तेव्हापासून आजपर्यंत तिळमात्र शंका नव्हती. सेटवर केक कापला. दिग्दर्शकाने थोरलीला सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या पडल्या. आणि निर्माता काय म्हणाला? "नुसती पडली तर एवढा आकडा, मेली तर केवढा येईल!"

झालं. पट्टीची जखम खोल निघाली. मावशी खाटेला खिळली, बोलायची बंद झाली, महिनाभर नुसते डोळे हलवत राहिली आणि मग गेली. गेली त्या दिवशी आकडा जागचा हलला नाही. दोन महिन्यांनी मालिकाही गेली. थोरली परत शाळेत जाऊन मुलांना पेरू आणि घोडा काढायला शिकवायला लागली. पुढं कोणी काम दिलं नाही. मेलेला चेहरा लगेच दुसऱ्या घरात कसा दाखवायचा, म्हणाले.

धाकटीने हे कोणालाच सांगितलं नाही. काटासाहेबांना तर नाहीच नाही. त्या मालिकेचा विषय निघाला की ती त्यांची नजर चुकवून पाणी आणायला उठायची. थोरलीने आयुष्यात कधी कुरकुर केली नाही, आणि तेच धाकटीला जास्त टोचायचं. भांडली असती, नशिबाला बोल लावले असते, तर बरं झालं असतं.

तर आज सांगायचं.

"ताई," धाकटी सोफ्यावर तिच्याजवळ बसली. "तुला एक सांगायचंय. ती मावशी पडली तो आठवडा..."

"अगंबाई, तोच आठवडा माझ्याही डोक्यात घोळतोय!" थोरली म्हणाली. "काय सांगू, किती सांगू असं झालंय मला."

तेवढ्यात बेल वाजली. वेळेच्या आधीच हजर! दोन दांडगे दिवे, तीन माणसं, वायरींची भेंडोळी, आणि मुलाखत घेणारी एक चुणचुणीत मुलगी. बघता बघता बैठकीची खोली परक्याची झाली. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. काटासाहेब स्वयंपाकघराच्या दारात.

"सव्वीस वर्षांपूर्वी संपलेली ही मालिका..." मुलीने सुरुवात केली.

"पंचवीस," काटासाहेब दारातून म्हणाले.

दिवेवाला हसला. सगळं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं. धाकटीने कपाळाला हात लावला.

मुलगी म्हणाली, "मॅडम, तो जिन्याचा सीन आज लोक मोबाईलवर बघून हसतात. तीनतीनदा पडताना दाखवलंय, विजा काय कडाडतात! तुम्हाला वाईट नाही वाटत? आणि इतकं करून तुम्हाला मारूनच टाकलं."

थोरली मोकळं हसली. "हसू देत की. मलाही हसू येतं. मारलं तेव्हा मात्र राग आला होता, का नाही येणार? पण बाळ, तुला खरं सांगू? माझी वाट बघणारं माणूस मला जन्मात मिळालं नाही. नवऱ्यानेही कधी बघितली नाही. आणि त्या एका आठवड्यात आकडा वर गेला. माझ्यामुळे गेला, सगळ्यांसमोर सांगितलं मला तसं. म्हणजे कुठल्या कुठल्या घरांत माणसं ताटावरून उठून आली असतील. एकमेकांना म्हणाली असतील, वाचेल ना गं ती? अनोळखी माणसं, माझ्यासाठी जीव टांगणीला लावून बसलेली." तिने चष्मा काढला. "अजून कधी झोप येत नाही, तेव्हा मी त्या घरांतून एक चक्कर मारून येते. मग झोप लागते. पुढं मारलं तर मारलं. तो आठवडा कोणी काढून घेऊ शकत नाही ना माझा?"

धाकटीने ते ऐकलं आणि तिला आपलं वाक्य आठवलं. आपण काय सांगायला निघालो होतो? कोणाचं मन हलकं करायला? आपलंच की! आणि त्यासाठी बहिणीकडे होतं नव्हतं तेवढं लुटायला बसलो होतो, तेही आपल्या हाताने, तिला सोफ्यावर जवळ बसवून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. घोकलेलं वाक्य तिने तिथल्या तिथं गिळलं.

मुलीला ते पाणी दिसलं. तिने कॅमेरावाल्याला खूण केली आणि माईक धाकटीकडे नेला. "काकू, तुम्हीपण आठवणीने हळव्या झालात. त्या आठवड्यात तुम्ही बघत होतात का हो? घरी सगळे?"

दिवा धाकटीच्या तोंडावर आला. खोटं बोलायला ती एका पायावर तयार होती, पण दारात काटासाहेब उभे! एका वर्षाची चूक ज्यांना सोसवली नाही, ते आता सरळ म्हणणार, नाही, आम्ही लग्नाला गेलो होतो, घराला कुलूप होतं. आणि मग थोरली विचारणार, अगं, माझ्या सगळ्यात मोठ्या आठवड्यात तूच नव्हतीस? थोरली तिच्याकडे आशेने बघत होती.

"बघत होतो," दारातून आवाज आला.

सगळे तिकडे वळले. काटासाहेब चौकटीला धरून उभे होते. बोलताना त्यांचा आवाज जरा चिरकला, सवय नव्हती.

"चौघंही," ते म्हणाले. "आठवडाभर. एक दिवससुद्धा चुकवला नाही."

चार बटणांचं धाकटीने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. शेजारणीने सांगितलं असणार, कदाचित परत आलो त्याच दिवशी, आणि हा माणूस तेव्हापासून गप्प होता.

थोरलीचा चेहरा असा उजळला की दिव्यांची गरज राहिली नाही. तिने मुलीचा हात धरला. "ऐकलंस ना? हे ठेव हो कार्यक्रमात, कापू नकोस. या माणसाने आयुष्यात एकदाही खोटं सांगितलेलं नाही, कोणालाही विचार."

काटासाहेब धाकटीकडे बघत होते, आणि तिनेही या वेळी नजर चुकवली नाही.