जावईबापूंची करामत

"पोरी, साबणाच्या वडीएवढ्या कॉम्प्युटरवर कारेक्रम? लोक हसतील!" म्हणत पोखर्णीतल्या कार्यक्रमाचे आयोजक दिनकररावांनी स्टेजवर घरचा जुना, मोठा कॉम्प्युटर मांडला, त्याला हार घातला आणि पूर्णेहून आलेल्या जावयाला, जीवनला, त्याच्यापुढं बसवलं. त्या खोक्याला साधी वायरसुद्धा जोडलेली नव्हती. स्क्रीनवरची दृश्यं दाखवायला आलेल्या अबोलीनं राग गिळला.

संबळ वाजायला लागला. पडद्यामागं उकिडवी बसून अबोली आपल्या इवल्या कॉम्प्युटरला जोडलेली बटणं फिरवत होती. कॅमेऱ्यातले वादकांचे हात मोठ्या स्क्रीनवर दर ठोक्याला मशालीच्या ज्वाळांत मिसळत होते. लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात दिनकररावांनी माईक धरला. "ही सगळी करामत आमच्या जावईबापूंची!" जीवनच्या खांद्यावर शाल पडली. तो मजेत हसला.

अबोलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वायर उपटली. स्क्रीन काळाठिक्कर पडला.

"अबोले, काय झालं? चालू कर की लवकर!" दिनकरराव ओरडले.

कॉम्प्युटर पर्समध्ये टाकत ती स्टेजवर आली. "मला कामून इचारायलात, काका? शाल ज्याला घातली, त्याला इचारा."

जीवन एका हातानं शाल सावरत, हार घातलेल्या खोक्याची बटणं दाबायला लागला होता.