आमिषाची चीर

शुक्रवारी भार्गवीने संगणकावर एक चीर काढली आणि सोमवारी ती जागेवर नव्हती. तिच्या मनात लगेच पाल चुकचुकली.

चीर म्हणजे जमिनीखालच्या खडकातला भ्रंश. ईशान्येच्या डोंगरांतल्या एका भागात, जिथे अजून कुणी तेलविहीर खणलेली नाही, तिथले खडक इतके मोडलेले-दुमडलेले की तेल कुठे अडलं, कुठे गळून गेलं असेल ते अशा चिरांवरूनच ताडायचं. ते काम चालायचं जयपुरात, दुर्गापुऱ्यातल्या एका ऑफिसात. साताऱ्याहून नवीनच आलेल्या भार्गवीच्या नकाशावरून पहिल्या विहिरीची जागा ठरणार होती. ठरली तर नोकरी पक्की.

त्या नकाशाला हात लावणारा दुसरा एकच, तिचा सहकारी कौशिक. वाढला जयपुरातल्याच वैशाली नगरात, मराठी घरापुरतं, तरी भार्गवीशी हौसेने तेच बोलायचा, सकाळी तिच्यासाठी कचोरी आणायचा; स्वभाव नको तितका गोड. फुकट कचोरी खाऊ घालणारा माणूस कधीतरी काही मागणारच, असं भार्गवीच्या आईचं मत होतं, आणि फोनवर रोज ऐकून ते भार्गवीचंही झालं होतं. सरळ विचारलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. पण संशय शिरला की शहाण्या माणसाचीही जीभ टाळ्याला चिकटते.

तिने जुनी चीर पुन्हा काढलीच, वर नकाशाच्या ऐन मध्यावर एक खोटीही काढली. कौशिकने ती पुसली की चोर रंगेहाथ सापडला. गुरुवारच्या बैठकीआधी आपण ती काढून टाकू, असा तिचा हिशेब होता.

तेल कंपनीचे साहेब बुधवारीच येऊन बसले. पडद्यावर नकाशा उघडला, आणि खोटी चीर होती तिथेच होती.

"ही नवीन दिसते," ऑफिसचे प्रमुख मनोहर पंडित म्हणाले. "ही असेल तर तेल कधीच गळून गेलं असणार. जागा सोडावी लागेल."

"मला डेटात नाही दिसली सर," कौशिक म्हणाला. "पण भार्गवीने काढली, मतलब असणार. नवीन डेटा चढवताना शुक्रवारच्या रेषा सगळ्याच उडाल्या, माझ्यापण. तिने बसून परत काढल्या. तिची नजर माझ्याहून पक्की आहे."

साहेबांनी मान डोलावली. भार्गवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, ती चीर खोटी आहे," ती म्हणाली.

"गलतीने झाली असेल, सर," कौशिक लगेच म्हणाला.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण तो आपल्याला सांभाळून घेतोय हेच तिला सोसवेना.

"चुकून नाही. माझं काम कौशिक पुसतो असं मला वाटलं. त्याला पकडायला मी ती मुद्दाम काढली."

पंडितांनी चीर पुसायला लावली, विहिरीची जागा कायम केली, आणि भार्गवीच्या नोकरीचं नंतर बघू म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ती कौशिककडे माफी मागायला गेली. तो उठून उभा राहिला आणि पहिल्यांदाच तिच्याशी हिंदीत बोलला.

"कोई बात नहीं, भार्गवीजी."