आजींच्या अंगठ्याखालचा स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. बेकरीच्या गल्ल्याशेजारी एका गोल डबीत माझा मुक्काम होता, अगदी परवापर्यंत.

बेकरीच्या मालकीणबाईंना सगळे आजी म्हणतात. नोटा मोजताना त्या अंगठा जिभेला लावायच्या. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सूनबाईंनी हे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मला आणून ठेवलं. "आता बघा किती स्वच्छ काम," असं आजी गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि मी फुगून जायचो.

नोटा यायच्या घामेजलेल्या खिशांतून, मोज्यांतून, मासळीच्या टोपल्यांतून. त्यांचा मळ अंगठ्यावरून माझ्यात उतरायचा. रोज सकाळी आजी माझ्यात पाणी घालायच्या. चार वर्षांत मला धुतलं मात्र कुणीच नाही. मलाही ते कधी खटकलं नाही. ओला म्हणजे स्वच्छ, अशीच माझी समजूत.

मग पैसे घेणारं यंत्र आलं. कार्ड किंवा फोन त्यावर धरला की काम झालं. आजींनी नाक मुरडलं. कुणाकुणाचे हात लागतात म्हणून त्या यंत्र दिवसातून दहादा पुसायच्या.

त्याच महिन्यात त्यांच्या तीन वर्षांच्या नातीला, चिमीला, तिसऱ्यांदा जुलाब झाले. या वेळी सलाईन लावावं लागलं. आजींनी यंत्रावर खापर फोडून ते कपाटात कोंडलं. सूनबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नोटा, यंत्र आणि मी, तिघांवरून कापसाचे बोळे फिरवून तपासायला नेले.

तीन दिवसांनी त्यांनी फोनवर, जंतू वाढवून बघायच्या तीन काचेच्या बशांचे फोटो दाखवले. एक जवळजवळ कोरी, एकीवर ठिपके, आणि तिसरी जंतूंच्या चिकट थरानं बुजलेली.

"ही यंत्राची ना?" आजींनी विचारलं.

"नाही आई, ही स्पंजची."

माझ्या पायाखालची डबीच सरकली. मी? घाण होऊ नये म्हणून आणलेला मी?

आजी अंगठ्याकडे बघत राहिल्या. रोज दुपारी याच हातानं त्या चिमीला दुधात भिजवलेलं बिस्किट भरवायच्या. दुखणं यातूनच आलं असं छातीठोक सांगता येत नाही, असं सूनबाई म्हणाल्या. आजींना ते ऐकूच गेलं नाही.

"हात धुऊनच भरवत होते गं मी. फक्त मधे गिऱ्हाईक आलं, की..."



आता मी कचऱ्याच्या पिशवीत आहे. मित्रांनो, नोटांना हात लावलात तर घासाला लावण्याआधी तो साबणानं धुवा. आणि स्वच्छतेसाठी ठेवलेली वस्तूही धुवा. मला रोज पाणी मिळालं, साबण कधीच नाही. चिमी येता-जाता मला बोटानं दाबायची, पाणी वर आलं की खुदकन हसायची आणि तेच बोट तोंडात घालायची. मी ते रोज पाहत होतो, आणि मला तिचं कौतुक वाटत होतं.