अठरा बार

खाणीत सगळे त्याला मामा म्हणत, आणि त्याला कारण त्याचा भाचा. भाचा तिथंच पोकलेन चालवायचा, आणि आवाज असा की खाणीच्या तळातून "मामा!" अशी हाक मारली की वरच्या क्रशरवरची माणसंही मान वळवायची. सहा महिन्यांत मॅनेजरपासून डंपरवाल्यांपर्यंत सगळ्या जगाचा तो मामा होऊन बसला. गंमत अशी, की ज्याच्यासाठी ही हाक, त्यालाच ती अलीकडे ऐकू येत नव्हती. पण ही गंमत मामा सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, आणि मामाला तिचं हसू येत नव्हतं.

मामाचं काम सुरुंगाचं. ड्रिल मारून पाडलेल्या भोकांत दारू भरायची, वाती जोडायच्या, पेटवायच्या आणि शांतपणे चालत आडोशाला यायचं. पळायचं नाही, पळणारा अडखळतो. वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे बार एकामागोमाग एक फुटतात आणि मोजता येतात. सगळा धंदा या मोजणीवर उभा. अठरा भोकं भरली आणि बार सतराच झाले, तर उरलेलं एक भरलेलं भोक दगडांच्या ढिगाखाली तसंच बसून राहतं, आणि त्या ढिगात पहिला दात घालायचा असतो पोकलेनला. म्हणजे भाच्याला.

म्हणून नियम होता, की दोघांनी मोजायचं. एक मामा आणि दुसरी भोंगेवाली. भोंगा वाजवणारी ही बाई चाळिशीची, दोन मुलींची आई, बोलायला लागली की थांबायची नाही, पण बार सुरू झाले की तोंडाला कुलूप. शेवटचा बार झाला की दोघांनी एकदम आपापला आकडा मोठ्यानं सांगायचा. जुळला तर मामा हिरवा झेंडा दाखवणार, झेंडा बघून ती मोकळीकीचा भोंगा देणार. नाही जुळला तर अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही, मग मामानं एकट्यानं खाली उतरून एकेक भोक तपासायचं. एकतीस वर्षांत मामाचा आकडा कधी चुकला नव्हता. त्याच्या कानांचं नाव तालुकाभर होतं म्हणायला हरकत नाही.

आणि त्याच कानांनी दगा दिला. एकतीस वर्षं त्यांच्याशेजारी दारू फोडल्यावर त्यांनी तरी किती दिवस साथ द्यायची! आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग बायकोचं बोलणं. बायको म्हणाली, "माझं तर तुम्ही लग्न झाल्यापासूनच ऐकत नाही," आणि विषय तिथंच संपला. बारांचे धक्के छातीत जाणवायचे, पण पाठोपाठ फुटलेले दोन आणि एकटा एक, यांतला फरक छातीला कळत नाही. निवृत्तीला वीस महिने उरले होते. बहिऱ्या माणसाला सुरुंगाचा परवाना कोण ठेवतो? मामा मूग गिळून बसला.

त्यानं एक युक्ती काढली. भोंगेवालीला सवय होती, आकडा मोठ्यानं म्हणायच्या आधी तिचे ओठ हलायचे. मामा तिच्याकडे तोंड करून उभा राहायचा, ओठांवरून आकडा उचलायचा आणि तिच्याबरोबर म्हणायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. मग त्यानं मनाची समजूत घातली, की मोजतंय ना कुणीतरी? कान माझे काय आणि तिचे काय, आकडा खरा असला म्हणजे झालं. सहा महिने असे गेले, आणि सहा महिने आकडा दर वेळी जुळला.

त्या दिवशी सकाळी भोंगेवाली सर्दीनं बेजार होऊन आली. नाकातोंडावर रुमाल गुंडाळलेला. मामानं तो रुमाल पाहिला तेव्हा त्याच्या डोक्यात काहीच आलं नाही, कारण त्याचे हात वाती कापत होते, आणि वाती कापताना मामा दुसरा विचार करत नसे. अठरा भोकं, अठरा वाती. लाल झेंडा दाखवला, भोंगा झाला, माणसं लांब गेली. वाती पेटवून मामा चालत आडोशाच्या कोंदट खोलीत आला आणि भोंगेवालीकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की रुमालाआडचे ओठ दिसणार नाहीत.

धक्के सुरू झाले. छताची माती खांद्यावर पडली. मामानं छातीनं मोजायची धडपड केली, पण नऊनंतर सगळं कालवलं गेलं. धक्के थांबले. रुमालाच्या मागं काय चाललंय ते दिसेना. काहीतरी तर म्हणायला हवं होतं. भोकं अठरा भरली होती, म्हणून मामा म्हणाला, "अठरा."

रुमाल हलला. तिनंही काहीतरी म्हटलं. एकतीस वर्षांच्या सवयीनं मामाचा हात हिरव्या झेंड्याकडे गेला. झेंडा वर झाला, तिनं भोंग्याचं बटण दाबलं आणि खाली पोकलेन हललं.

मामा झेंडा धरून तसाच उभा राहिला. ती अठरा म्हणाली की सतरा? विचारणं अगदी सोपं होतं, ती हातभर अंतरावर होती. पण हातभर अंतरावरून मोठ्यानं सांगितलेला आकडा परत विचारायचा, म्हणजे आपण बहिरे आहोत हे स्वतःच्या तोंडानं सांगणं झालं. चौदा महिने. फक्त चौदा महिने राहिले होते. पोकलेन उतारावर आलं होतं, आणि आतला भाचा बहुतेक नेहमीसारखा बेसूर गात असणार.

"तू किती म्हणालीस?" मामानं विचारलं.

भोंगेवालीनं रुमाल खाली ओढला. तिनं मामाकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि मान खाली घातली.

मामा पळाला. गुडघे दुखणारा छप्पन्न वर्षांचा माणूस हातात लाल झेंडा घेऊन खडीवरून घसरत, पडत, उठत उतारावरून पळाला. त्याला स्वतःचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, घसा फाटतोय एवढंच कळत होतं. ढिगापासून दहा पावलांवर तो पोकलेनच्या समोर आडवा झाला. भाच्यानं यंत्र थांबवलं आणि डोकं बाहेर काढलं.

"मामा! वेड लागलं का तुला? मरशील ना!"

"मागं घे! मागं घे आधी!"

भाच्यानं मागं घेतलं. मॅनेजर धावत आला, चार माणसं आली, भोंगेवाली आली. सगळ्यांसमोर मामा म्हणाला, "मला ऐकू येत नाही. सहा महिने झाले. आजचे बार मी मोजले नाहीत."

मॅनेजरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं भोंगेवालीकडे वळून विचारलं, "आणि तू? तू किती मोजलेस?"

"अठरा," ती म्हणाली. मामाला ते ओठांवरून स्पष्ट दिसलं.

तरी नियम तो नियम. अर्धा तास सगळे लांब थांबले. मग मामा खाली उतरला. बहिरा असला तरी भोकं बघायला कान लागत नाहीत, आणि हे काम त्याच्याशिवाय तिथं कुणाला येत नव्हतं. दगड हातानं एकेक बाजूला करत तो भोकामागून भोक बघत गेला. फुटलेलं, फुटलेलं, फुटलेलं. दोन तास लागले. अठराच्या अठरा भोकं फुटली होती.

"म्हणजे काहीच नव्हतं!" मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, आवाज चढवून बोलत होता तो मामाला ऐकू यावं म्हणून. "गप्प राहिला असतास तर कुणाला पत्ता लागला नसता. आता मला वर कळवावं लागणार. परवाना जमा कर. उद्यापासून येऊ नकोस मामा, काय बोलू मी तरी."

मामानं ऑफिसात जाऊन परवाना मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटत होतं. नोकरी गेली होती, बायकोला काय सांगायचं हा प्रश्न होता, पण भाचा धडधाकट होता आणि सहा महिन्यांचं ओझं उतरलं होतं. बाहेर आडोशाच्या भिंतीला टेकून भोंगेवाली उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. मामाला वाटलं, बिचारी आपल्यासाठी रडतेय.

"अगं, रडतेस कशाला?" तो म्हणाला. "तुझा आकडा बरोबर निघाला. सहा महिने मी तुझ्याच आकड्यावर तर चाललो होतो. तुझे ओठ बघायचो आणि तेच म्हणायचो. तू होतीस म्हणून निभावलं."

ती मटकन खाली बसली.

"मामा, असं नका हो म्हणू," ती म्हणाली. मामाला कळावं म्हणून ती प्रत्येक शब्द तोडून, तोंड मोठं करून बोलली, आणि तसं बोलताना तिला आणखी रडू आलं. "मी मोजतच नव्हते. खूप दिवस झाले. तुमचा आकडा कधी चुकत नाही, मग मी कशाला मोजू? किती भोकं भरली ते मला ठाऊक असायचं, ते तोंडात घोळवत तुमच्याकडे बघायचे. तुम्ही म्हणायला लागलात की मी पण म्हणायचे. मघाशी तुम्ही विचारलंत ना, मला वाटलं तुम्ही मला पकडलंत. साहेबांपुढे खोटं बोलले. माझ्या मुली आहेत हो, मामा."

मामानं भिंत धरली आणि तिच्याशेजारी बसला. सहा महिने, आठवड्याला तीन-चार वेळा. तो तिचं तोंड बघत होता आणि ती त्याचं, आणि बार आपले फुटत होते, आणि दर वेळी भाचा गात गात त्या ढिगात उतरत होता. मामाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता, त्यानं तिच्यावर. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भाचा चहाचे तीन कप सांभाळत उतार चढून आला. खाणीत कळलं होतं की काही निघालं नाही, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"काय मामा," तो मुद्दाम मामाच्या कानाशी वाकून गरजला, "उगाच पळालास! सगळे फुटले होते. अठराच्या अठरा!"

"आजचे," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"आजचे मी हातानं मोजले. त्याआधीचे कुणीच मोजले नव्हते. हिनंही नाही आणि मीही नाही. सहा महिने."

भाचा हसला. मामा असाच काहीतरी बोलायचा कधी कधी. मग त्यानं मामाच्या तोंडाकडे पाहिलं, भोंगेवालीकडे पाहिलं, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तो वळला आणि खाली, आपण सहा महिने ज्यात उतरत आलो त्या खाणीकडे बराच वेळ बघत राहिला. त्यानं कप एकेक करून खाली ठेवले आणि तो मामाला अगदी चिकटून, लहानपणी बसायचा तसा, खाली बसला.