कोणाची गं तू?

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कालगुर्लीत पाणी दिसतं ते फक्त नळाला, तेही पर्थकडून शेकडो किलोमीटर पाइपातून येतं. आणि आमच्या शेजारच्या फिनलेआजोबांना गावाकडच्या अकरा ओढ्या-तळ्यांची नावं तोंडपाठ! स्कॉटलंडमधलं गाव, गेलिक भाषा. बहीण मोराग अजून तिथेच, नव्वदीची, डोळ्यांनी अधू. दर रविवारी फोनवर एक नाव आजोबा म्हणायचे, पुढचं ती. लहानपणी शाळेच्या वाटेवर म्हणायचे तसंच.

कुंपणापलीकडून ऐकून मलाही नाद लागला. आजोबांनी इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं आणि माझी फजिती झाली. लिहायचा 'म', म्हणायचा 'व', हा काय चावटपणा! मी वैतागून सगळी नावं देवनागरीत उतरवली आणि कागद फ्रिजवर लावला.

मग घशाच्या ऑपरेशनमध्ये आजोबांचा आवाज गेला. करोनामुळे बॉर्डर बंद, जायची सोय नाही. तीन रविवार मोरागने फोन उचलला, नुसती खरखर ऐकली आणि आपटला. तिने ठरवूनच टाकलं, भाऊ गेला आणि सगळे लपवताहेत. तिने जेवण सोडलंय असं तिकडून कळल्याचं आजोबांनी पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"सुचित्रा, त्यांचा फॅमिली मॅटर आहे," माझा नवरा माधव म्हणाला.

"फॅमिलीला बोलता येत नाहीये. मला येतंय!" मी कागद ओढला आणि पळाले.

दुपारी चार, तिकडे सकाळ. आजोबांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. मोरागने उचलला. मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. घसा खरवडून थेट सुरू केलं, "आउल्त दू!" म्हणजे काळा ओढा.

ही आता आपटणार!

"लॉख बान," पलीकडून बारीक आवाज आला. पांढरं तळं!

आजोबा खुर्चीतून उठले. मी पुढचं म्हटलं, तिने त्याच्या पुढचं. माझा आवाज चढत गेला, तिचाही. दहावं तिने म्हटलं. अकरावं कुठल्याच नकाशात नाही. मोरागचा बूट वाहून गेला म्हणून या दोघांनीच ठेवलेलं नाव. कागदावर 'मोराग' नव्हतं, 'वोरिक' होतं; ओढ्याच्या नावात तिच्याही 'म'चा 'व' होतो.

"आउल्त ब्रोग वोरिक!" मी जवळजवळ ओरडलेच.

पलीकडे हुंदका. मग एकदम करडा प्रश्न, "को लेश ऊ?"

हे तर कागदावर नव्हतं! आजोबांनी पाटीवर इंग्रजीत लिहिलं : विचारतेय, तू कोणाची?

मला हसूच फुटलं. आमच्या वाईला पारावरची म्हातारी माणसं अगदी हेच विचारतात. नाव नाही, काम नाही, आधी हेच.

"फिनलेची!" मी म्हणाले. "तो इथेच उभा आहे, मोराग. आणि रडतोय."

आजोबांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली.

"रडूबाई," मोराग इंग्रजीत म्हणाली. "लहानपणीही असाच होता. थांबा, नाश्ता घेऊन येते. मग पुन्हा पहिल्यापासून."