आलेखातला उंचवटा

बोंडअळीच्या त्या साली राजदीपच्या डोळ्यांत कीटकनाशकाचा फवारा गेला आणि प्रियंका पुण्याची प्रयोगशाळा सोडून यवतमाळच्या दवाखान्यात भावाच्या उशाशी येऊन बसली. राजदीप बाभुळगावकडे रोजानं कपाशी फवारायचा. वारा फिरला तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता, तोंडाला साधा रुमालही नव्हता. आता दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि आई, सत्यशीलाबाई, त्याचे पाय चेपत होती.

प्रियंकाच्या मांडीवर लॅपटॉप होता. चार वर्षं ती एकच काम करत होती. चुंबकीय ऑक्साइडची अवघ्या चार-पाच अणुथरांची फिल्म घ्यायची, तिच्यातून वीज सोडायची आणि चुंबकीय क्षेत्र बदलत आडवा व्होल्टेज मोजायचा. आलेखात एक उंचवटा आला होता. फिल्ममध्ये चुंबकत्वाचे सूक्ष्म भोवरे पडतात, त्यांच्यातून जाताना इलेक्ट्रॉन बाजूला वळतात, त्याची ही खूण, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. त्यावरचा लेख सोमवारी संशोधन पत्रिकेकडे जायचा होता.

त्या सकाळी प्रयोगशाळेतून नमुन्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो आला. फिल्म एकसारखी नव्हतीच. काही भाग चार थरांचा, काही पाच. आणि चार थरांचा व्होल्टेज पाच थरांच्या व्होल्टेजच्या उलट असतो. प्रियंकानं दोन्हींचे जुने आलेख काढून एकमेकांत मिळवले. तोच उंचवटा, तिथंच उभा राहिला. तो यायला भोवऱ्यांची गरजच नव्हती.

"काहून चेहरा उतरला तुहा?" आईनं विचारलं.

"चार वर्साच्या कामात खोट निघाली, आई."

"मंग आता काय करशीन?" पट्टीआडून राजदीप म्हणाला.

व्हरांड्यात जाऊन तिनं सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"भोवरे नाहीत, हे सिद्ध झालंय का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. पण आहेत, हेही नाही."

"मग लेख जाऊ दे. तुझी फेलोशिप मार्चमध्ये संपतेय, हे विसरू नकोस."

"मग माझं नाव काढा, सर."

फोन कट झाला. थांबले तर धीर सुटेल, असं वाटून तिनं लगेच तो फोटो आणि नवा आलेख जोडून सरांसह सगळ्या सहलेखकांना मेल धाडली.

एका सहलेखकानं सही द्यायला नकार दिला, लेख अडला. सर तिच्याशी बोलेनासे झाले. राजदीपच्या उजव्या डोळ्याला हळूहळू दिसू लागलं. डावा गेला. महिनाभर दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालून प्रियंका पुण्याला परतली, तेव्हा तिच्या टेबलावर दुसऱ्याच मुलीच्या वह्या होत्या. मोजणीच्या यंत्राशेजारी लावलेल्या वेळापत्रकात तिचं नाव कुठंच नव्हतं. रविवारच्या सकाळची चौकट तेवढी रिकामी होती, ती वेळ कुणालाच नको होती. तिनं पेन मागून घेतलं आणि त्या चौकटीत आपलं नाव लिहिलं.