माझ्या दर्यातली हरेश्वरची होडी

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं, फोटो स्टुडिओचा. दहा फूट मांजरपाट, त्यावर खळ, खळीवर रंग, आणि रंगात अख्खा समुद्र. सध्या माझी गुंडाळी करून, तीन जागी सुतळीने आवळून मला अंधेरीतल्या स्टुडिओच्या माळ्यावर टाकलं आहे. मित्रांनो, स्वतःच्याच पोटात तोंड खुपसून पडून राहणं काय असतं, ते मला विचारा.

माझा जन्म १९६६ सालचा. मला रंगवलं गुणाजी पेंटरने. हा गुणाजी पक्का भटक्या. दुकानाची पाटी रंगवून झाली की निघाला, कधी गोकर्णला, कधी द्वारकेला. जे डोळ्यांनी पाहिलं तेच रंगवायचं, ही त्याची खोड. स्टुडिओचे मालक चंद्रप्रकाश त्याला म्हणाले, "समुद्र काढ." दुसऱ्या कोणी कॅलेंडर पुढ्यात ठेवून काढला असता. गुणाजी वेसाव्याला गेला आणि हरेश्वर नावाच्या कोळ्याच्या होडीतून आठ दिवस दर्यावर फिरून आला. मग तीच होडी त्याने माझ्यावर उतरवली. तिचं तोंड खुल्या दर्याकडे, शिडाच्या कोपऱ्यात निळं ठिगळ, आणि सुकाणूवर पाठमोरा हरेश्वर.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. कांदिवलीची नवी जोडपी यायची, पवईचे विद्यार्थी यायचे. मुलुंडच्या उत्तराबाई तर लाट येईल म्हणून निऱ्या चार बोटं वर धरून माझ्यापुढे उभ्या राहायच्या. मी चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पण मनातून जीव कोंडायचा. शीड वाऱ्याने टम्म भरलेलं, आणि होडी तसूभर पुढे सरकायची नाही.

एकदा हरेश्वर बायकोला घेऊन फोटो काढायला आला. तिचं नाव मंजुळा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "अगो बाय, हे ठिगळ माझ्या लुगड्याचं. मीच शिवलंय." दोघांचा फोटो माझ्यापुढेच निघाला.

पुढे १९७१ साली, नारळी पुनवेनंतर महिनाभराने, हरेश्वर दर्यावर गेला तो आलाच नाही. होडीची फळीसुद्धा कोणाला सापडली नाही.

तेव्हापासून मंजुळा बाजार आटोपला की रिकामी पाटी घेऊन स्टुडिओत यायची आणि माझ्यासमोर बाकावर बसायची. एक दिवस गुणाजी तिथे भेटला. ती म्हणाली, "भाऊ, होडीचं तोंड घराकडं कर ना."

"वहिनी, मी तिला जातानाच पाहिली. येतानाची कशी काढू? ते खोटं होईल."

"इथं फोटो काढतात ती माणसं काय खरीच दर्यावर येतात?"

तरी गुणाजीने ब्रशाला काही हात लावला नाही. अशी तीन वर्षं गेली. मला त्याचा भारी राग यायचा.

मग चंद्रप्रकाशना बगिचा हवासा वाटला. कारंजं, गुलाब, संगमरवरी कठडा. त्यांनी गुणाजीला सांगितलं, "या समुद्रावर पांढरा मार आणि वरून बगिचा काढ." गुणाजी पांढऱ्या रंगाची बादली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. हरेश्वरला कायमचा पुसून टाकायची त्याची छाती होईना. शेवटी त्याने फक्त होडी पुसली, आणि त्याच जागी ती घराकडे तोंड करून नव्याने काढली. न पाहिलेली गोष्ट त्याने जन्मात पहिल्यांदा रंगवली. हरेश्वरचा चेहरा त्याने माझ्यापुढे काढलेल्या त्या फोटोवरून घेतला.

दुपारी मंजुळा आली. खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रिकामी आणलीस, भाऊ."

गुणाजीला कळेना, आणि खरं सांगतो, मलाही कळेना. तिनेच समजावलं. "जाताना होडी हलकी असते, वर तरंगते. येताना मासळीनं भरून पाण्यात खोल बसते. ही अजून वरच आहे."

गुणाजीचा चेहरा उतरला. तो ब्रश उचलायला गेला, तसा तिने त्याचा हात धरला.

"राहू दे. मासळी नको. माणूस आला ना, पुरे." असं म्हणून तिने लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि पाटी उचलून ती निघून गेली.

बगिच्याऐवजी पुन्हा समुद्रच पाहून चंद्रप्रकाश संतापले. त्यांनी बगिच्यासाठी नवा पडदा आणला आणि मला गुंडाळून वर टाकलं. गुणाजीला पुन्हा काम दिलं नाही. मंजुळा दोनदा आली, कारंजं पाहून दारातूनच परत गेली. तिचा आवाज मला वर ऐकू आला होता, पण मी हाक कशी मारणार?

मित्रांनो, आज चार वर्षं झाली. सादळून माझा रंग सुटतो आहे, एका कडेला उंदरांनी दात लावले आहेत. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी गुंडाळी असेल. भंगारात देण्याआधी एकदा उलगडून पाहा, तिला ऊन दाखवा. आणि कोणी अंधेरीला आलात, तर माझी सुतळी तेवढी सोडा आणि वेसाव्याला मंजुळाबाईंना निरोप द्या. हरेश्वर घराकडेच तोंड करून बसला आहे. किनारा वीतभर राहिला आहे.